डेटाबेसपुढे बसण्याआधी

चिरंजीव विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

गुलाबी बोंडअळीमुळे यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू कापूस उत्पादकांचा खर्च कसा वाढला, हा विषय तू पीएच.डी.साठी निवडलास, याचा मला फार आनंद झाला. विषयाचे शीर्षक जसेच्या तसे शोधचौकटीत टाकले की कधी हजारो नोंदी येतात, कधी एकही येत नाही, आणि तालुक्याला जाऊन बसलेली दुपार वाया जाते, असे तू लिहिले आहेस. यावर माझे सांगणे एवढेच, की ग्रंथालयाच्या डेटाबेसला तुझा प्रश्न कळत नाही. तू दिलेले शब्द कोणत्या नोंदीत आहेत, एवढेच तो मुख्यतः पाहतो. म्हणून शोधाचे निम्म्याहून अधिक काम घरी, वही-पेन घेऊन, रेंज नसतानाही होऊ शकते आणि ते तिथेच करावे.

वहीच्या एका पानावर तीन रकाने आख: कीड, शेतकऱ्याचा खर्च आणि प्रदेश. प्रत्येक रकान्यात, इतरांनी तीच गोष्ट ज्या ज्या नावांनी लिहिली असेल, ती सर्व नावे इंग्रजी स्पेलिंगसह उतरव. किडीच्या रकान्यात ‘पिंक बोलवर्म’ तर येईलच, पण ‘बोल वर्म’ असे तोडून लिहिणारेही पुष्कळ आहेत, तेही घे. मग शास्त्रीय नाव, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. ही कीड पूर्वी प्लॅटिएड्रा या प्रजातीत गणली जात असे, त्यामुळे बीटी कापूस येण्याच्या कितीतरी आधीचे लेख त्या जुन्या नावाखालीच सापडतात. ते नाव वहीत नसेल, तर तो सारा काळ तुझ्या शोधातून गळेल. प्रदेशाच्या रकान्यातही हीच काळजी घ्यावी लागते. इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत यवतमाळचे स्पेलिंग ‘वाय-ई-ओ’ने सुरू होते, अमरावतीच्या स्पेलिंगचा शेवट ‘ओ-टी-आय’ असा होतो, आणि वऱ्हाड तर ‘बेरार’ म्हणूनच येतो. खर्चाच्या रकान्यात लागवडखर्च, कीटकनाशकांवरील खर्च, उत्पन्नातील घट, कर्जबाजारीपणा यांचे इंग्रजी पर्याय लिही. शब्द अडला, तर जागतिक अन्न व कृषी संघटनेचा ॲग्रोव्हॉक हा बहुभाषिक शब्दसंग्रह पाहा. तो मोफत आहे.

रकाने भरले की जोडणी सोपी आहे. एकाच रकान्यातील पर्याय ‘ऑर’ने जोडून कंसात घाल आणि एक कंस दुसऱ्या कंसाला ‘अँड’ने जोड, हे शब्द इंग्रजी मोठ्या लिपीतच टाइप कर, कारण काही डेटाबेस तेवढेच ओळखतात. दोन शब्दांचे नाव दुहेरी अवतरणचिन्हांत ठेव, नाहीतर गुलाबी फुलांचे आणि अमेरिकन बोंडअळीचे लेखही त्यात मिसळतील. शब्दाच्या मुळापुढे तारका दिली, तर ‘फार्म’बरोबर ‘फार्मर’ आणि ‘फार्मिंग’ही येतात, मात्र गूगल स्कॉलरमध्ये ही तारका अशी चालत नाही. ‘नॉट’ मात्र शक्यतो टाळ. अमेरिकन बोंडअळी नको म्हणून तिचे नाव वगळलेस, तर दोन्ही अळ्यांची तुलना करणारे, म्हणजे नेमके तुझ्या कामाचे लेख हातचे जातील. नोंदी फारच कमी आल्या, तर नवे शब्द सुचेपर्यंत एक आख्खा रकाना काढून बघ. बहुतेक वेळा प्रदेशाची अटच शोधाला जाचक झालेली असते.

वर्षाची चाळणी लावताना ‘गेली पाच वर्षे’ असे सवयीने निवडू नकोस, ती विषयाच्या इतिहासावरून ठरव. बीटी कापसाच्या व्यापारी लागवडीला आपल्याकडे 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचे वाण 2006 मध्ये आले, आणि 2017 च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने मोठे नुकसान केले. या तीन टप्प्यांनुसार शोधही तीनदा, वेगवेगळा कर.

आता कुठे शोधायचे, ते सांगतो. कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषिकोश या संकेतस्थळावर आहेत. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील कामासाठी तिथून सुरुवात कर. इतर विद्यापीठांचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळे केंद्राने चालवलेल्या शोधगंगा या संकेतस्थळावर मिळतात. तिथे प्रबंध प्रकरणवार सुट्या फायलींत असतो, ही आपल्या मंद नेटसाठी मोठीच सोय आहे: आख्खा प्रबंध उतरवू नकोस, आधी फक्त संदर्भसूचीची फाइल उघड. एका चांगल्या प्रबंधाची सूची तुला मागच्या संशोधनाकडे नेते, तर गूगल स्कॉलरवर एखाद्या लेखाखाली दिसणारा ‘साइटेड बाय’ हा दुवा त्या लेखाचा आधार घेऊन पुढे झालेल्या संशोधनाकडे नेतो. माझ्या मते या दोन वाटांनी जेवढे हाती लागते, तेवढे निव्वळ शब्दांच्या शोधाने लागत नाही. शोधगंगेवर मराठीतले प्रबंधही आहेत, म्हणून तिथे देवनागरीतही शोधून पाहा.

सशुल्क नियतकालिकांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाली असून तिच्यात 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके आहेत. पण ती शासकीय संस्थांसाठी आहे. आपले महाविद्यालय खासगी अनुदानित असल्याने तुझ्यासाठी एन-लिस्टचे, म्हणजे महाविद्यालयांना ई-नियतकालिके व ई-पुस्तके पुरवणाऱ्या इन्फ्लिबनेटच्या योजनेचे, खाते कोणत्या स्थितीत आहे, हे ग्रंथपालांना प्रत्यक्ष विचार, आणि जे इथे उघडणार नाही, त्याची यादी करून अमरावती विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकदाच जा. तिथेही लेख मिळाला नाही, तर लेखकाला नम्रपणे ई-मेल कर. बहुतेक संशोधक आपला लेख आनंदाने पाठवतात.

प्रत्येक शोधाची तारीख, डेटाबेसचे नाव, वापरलेली शब्दजोडणी आणि आलेल्या नोंदींची संख्या वहीत टिपत जा. मार्गदर्शकांनी वर्षभराने विचारले, तर ती पाने त्यांच्यापुढे ठेवता येतील. तीन रकान्यांचे पान तयार झाले की त्याचा फोटो मला पाठव. तू अमरावतीला निघण्यापूर्वी मी त्यात माझ्याकडचे शब्द भरून परत पाठवतो.

तुझ्या महाविद्यालयाचा निवृत्त ग्रंथपाल