खात्री नाही, मग फोन कसा करू?

बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं तेव्हापासून, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, ठाणे-नवी मुंबईच्या पालकसभांत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, एखाद्या मुलावर अत्याचार होतोय अशी शंका आहे, पण खात्री नाही. उगाच कुणाचं घर मोडलं तर?" आईवडील विचारतात, स्कूलबसमधल्या मावशी विचारतात, सोसायटीचे सेक्रेटरीही मला बाजूला घेऊन विचारतात.

घणसोली गावठाणात शिकवण्या घेणाऱ्या एक बाई हाच प्रश्न घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिसरीतली एक मुलगी शिकवणी सुटली तरी उठत नव्हती.

"तिच्या घरी काहीतरी वाईट चाललंय," बाई म्हणाल्या.

"हा अंदाज झाला. तुम्ही पाहिलंत काय?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पेन्सिलीला टोक काढत बसते. टोक आलं तरी शार्पनर फिरवतच राहते. घरी तो काका आलेला असला की त्या दिवशी हमखास. परवा मला विचारलं, टीचर, काकांचं गुपित सांगितलं तर आई मरते का?"

मी वहीत तारखेसकट मुलीचे शब्द जसेच्या तसे लिहायला सांगितले. बाईंचा हात थांबला. "पण मी सिद्ध काय करणार? त्यांच्याच बिल्डिंगमध्ये भाड्याने राहते मी."

"सिद्ध करायला तुम्हाला सांगितलंय कुणी?"

"म्हणजे... नुसतं पाहिलेलं-ऐकलेलं सांगायचं?"

"तेवढंच."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि पुढची ओळ स्वतःहून लिहिली. अशा वेळी 'धीट व्हा' म्हणण्यात मला अर्थ वाटत नाही. मी माणसाभोवतीची नाती बघणारी समुपदेशक. बाईंनी पोलीस, डॉक्टर आणि न्यायाधीश, तिघांचं काम एकटीच्या डोक्यावर घेतलं होतं. ते उतरवणं एवढंच माझं काम, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ पुरावा मागत नाही. शंका आली तरी कळवायचं, आणि सद्‌हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. गुन्हा माहीत असून दडवला तर मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे बंधन मलाही आहे. तुम्ही फोन केला नाहीत तर मला करावा लागेल, हे मी बाईंना स्पष्ट सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच १०९८, म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन, लावला.

पुढचं काम ज्याचं त्याने केलं. महिला अधिकारी साध्या कपड्यांत घरी जाऊन मुलीशी बोलल्या. कायद्याने ठरवलेल्या २४ तासांच्या आत पोलिसांनी मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीला कळवलं. चौकशीत निघालं की वर्गशिक्षिकेला तिची गैरहजेरी खटकत होती, तर अंगणवाडीच्या ताईंना धाकट्या भावाने काहीबाही सांगितलं होतं. प्रत्येकीजवळ एकेक धागा होता, आणि प्रत्येकीला वाटत होतं की दुसरीला जास्त माहीत असणार.

मूल काही बोललं तर ऐकून घ्या. खोदून विचारू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "बरं झालं सांगितलंस" पुरे. संशयिताला जाब विचारायला तर मुळीच जाऊ नका. तो सावध होतो आणि दडपण मुलावर येतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा नको. मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे. (उत्साही काका-काकूंना हे दोनदा सांगावं लागतं.)

सोसायट्यांकडे हल्ली मी एकच मागणी करते. पाणी सुटण्याच्या वेळापत्रकाशेजारी चार नंबर लावा: १०९८, अंगणवाडीच्या ताई, शाळेची सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेली) आणि आपल्या पोलीस ठाण्याचे बाल कल्याण पोलीस अधिकारी. हे अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेले असावे लागतात. गरज पडायच्या आधीच एकदा जाऊन त्यांना भेटून या.