गल्ल्यांचा लोगो, साडीच्या लेबलवर

प्रश्न : वडगावात आमच्या घरी माग आहेत. आता साड्या आमच्याच नावाने विकायच्या आहेत. बार्सिलोनाच्या रस्त्यांवरून केलेला एक लोगो पाहिला आणि बेळगावचाही तसाच करावा असं मनात बसलं. भाच्याने मोबाइलवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट काढून गिरवला, पण लेबलवर काहीच कळत नाही. काय चुकलं?
– एक वाचक, वडगाव

उत्तर : ताई, भाच्याला बोलू नका. चूक असलीच तर आपल्या गावाची आहे!

बार्सिलोनात सेर्दा नावाच्या इंजिनिअरने १८५९ च्या आराखड्यात रस्त्यांमधले इमारतींचे सगळे ठोकळे सारखे आखले आणि प्रत्येकाचे चारही कोपरे छाटले. त्यामुळे तिथला एक ठोकळा काढला तरी शहर ओळखू येतं. आपल्याकडे गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार कोणी पट्टी धरून आखले होते काय? टिळकवाडीत थोडं उभं-आडवं आहे, पण तेवढ्यावरून कुणी बेळगाव म्हणणार नाही.

मीही यात एकदा तोंडघशी पडलोय. बावीस वर्षं ब्रशने बोर्ड रंगवल्यावर कॉम्प्युटर शिकलो आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला अख्ख्या शहराचा नकाशा लोगोत बसवून दिला. स्क्रीनवर झकास दिसला. रबरी शिक्का मारला तर शेणी थापल्यासारखा काळा डाग! पैसे मागायला गेलोच नाही.

तेव्हा नकाशा सोडा. साडी वडगावातून निघते, शहापुरातून कपिलेश्वर उड्डाणपुलावर चढते आणि बाजारात उतरते. पुलाखाली काय आहे? रेल्वेचे रूळ. खालून रूळ, वरून रस्ता. तुमच्या मागावर ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून बाण्याचा आडवा धागा जातो तो असाच की!

दोन जाड समांतर रेघा उभ्या काढा, हे रूळ. त्यांवरून एक तिरकी रेघ न्या, हा पूल. जिथे रूळ पुलाखाली जातात तिथे दोन्ही बाजूंना थोडी फट सोडा. ही फटच सगळं काम करते. ती नसली तर नुसती फुली दिसेल. फट रेघेच्या निम्म्या जाडीची ठेवा. त्याहून बारीक केली तर शिक्क्यात शाई भरते, विणलेल्या लेबलात धागा भरतो. पूल नेमका किती अंशांत तिरका आहे ते मोजत बसू नका, डोळ्याला बरं दिसेल ते खरं.

रंग शेवटी. आधी काळ्यात काढा, दोन सेंटिमीटरचा छापा आणि हातभर लांबून बघा.

अक्षरं चिन्हात अजिबात गुंतवू नका. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड लागतं. चिन्ह सुटं असलं की पाटीवर कन्नड नाव, लेबलवर मराठी, पुण्याच्या गिऱ्हाइकाला इंग्रजी, काहीही जोडता येतं. नाहीतर दर वेळी माझ्यासारख्याचं बिल भरा.

आणि हो, तो स्क्रीनशॉट पुसून टाका. नकाशाचं चित्रही कुणाच्या तरी मालकीचं असतं, ते गिरवून धंद्याला वापरायचं नाही. पुलावर जाऊन कठड्यापाशी उभ्या राहा आणि वहीत काढा. भाच्यालाही न्या.

पहिला शिक्का मारलेला कागद मला पाठवा, पेनाने खुणा करून परत पाठवतो.