अपक्षासाठी ख्रिस्ती समाजाला एकत्र आणायचं तर चर्चच्या दारापासून लांब सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा : विधानसभेच्या एका मतदारसंघात दोन कॅथलिक धर्मग्राम (एका चर्चखालचा परिसर, पॅरिश) आणि तीन प्रॉटेस्टंट मंडळ्यांमधली काही माणसं मिळून एका अपक्षाला उभं करू पाहताहेत. पाण्याच्या प्रश्नावर काम केलेला माणूस आहे, फादर आणि पाळकही अनुकूल आहेत. रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) त्याच्या नावाची घोषणा करून सुरुवात करावी का?

नका करू. त्या एका घोषणेमुळे जिंकलेली जागाही जाऊ शकते. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 123(3) प्रमाणे धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीवरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 2 जानेवारी 2017 रोजी 4 विरुद्ध 3 असा निकाल दिला, की धर्म म्हणजे फक्त उमेदवाराचा नाही, मतदाराचाही. म्हणजे हिंदू उमेदवारासाठी ‘आपण ख्रिस्ती आहोत म्हणून याला मत द्या’ म्हटलं तरी तेच. निवडणूक रद्द होते आणि सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. ‘मी नाही, फादर बोलले’ हा बचाव चालेलच असं नाही. दुसऱ्याने उमेदवाराच्या संमतीने केलेलं आवाहनही यात येतं, आणि उमेदवार पहिल्या बाकावर बसलेला असेल तर संमती नव्हती हे पटवायला जड जातं. ‘याला मत दिलं नाही तर देवाला जाब द्यावा लागेल’ हे त्याहून वाईट. दैवी कोपाची भीती घालणं कलम 123(2) मध्ये शब्दांत लिहिलेलं आहे.

जागेचंही तसंच. धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा 1988 प्रमाणे संस्थेची वास्तू राजकीय कामाला देता येत नाही. पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि ती व्यवस्थापकांवर येते, म्हणजे तुमच्याच फादरांवर. त्यामुळे चर्चचा हॉल नको, ट्रस्टचा पैसा नको, धर्मग्रामाचा व्हॉट्सॲप ग्रुपही नको. बाप्तिस्मा-लग्नाच्या नोंदवहीतून नावं तर अजिबात काढू नका. लोकांनी ती संस्कारासाठी दिलेली असतात, प्रचारासाठी नाही. धर्मगुरूंनी करायचं काम वेगळं आणि पुरेसं मोठं आहे : नाव न घेता सगळ्यांना मतदानाला जायला आणि यादी तपासायला सांगणं.

मग बोलायचं काय? पत्रकातलं एकेक वाक्य तपासा. ‘गावाच्या दफनभूमीला जागा हवी, नळाला रोज पाणी हवं, या दोन्हींसाठी हा माणूस पाठपुरावा करतो’ हे चालतं, ही नागरी सुविधेची मागणी आहे. ‘आपल्या माणसाला विधानसभेत पाठवूया’ यातला ‘आपल्या’ कोर्टात महाग पडू शकतो, काढून टाका. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127अ लागतं. छापखान्याला हे आठवण करून द्यावं लागतं.

आता आकडे, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. समजा तीन लाख मतदार, त्यात पंचवीस हजार ख्रिस्ती. त्यांच्यात पासष्ट टक्के मतदान झालं आणि त्यातल्या सत्तर टक्क्यांनी तुमच्या माणसाला मत दिलं, तरी साडेअकरा हजारांच्या आत. एकूण वैध मतं एक लाख ऐंशी हजार असतील तर नुसती अनामत वाचवायला एकषष्ठांशापेक्षा जास्त, म्हणजे तीस हजारांवर मतं लागतात. तेव्हा निव्वळ समाजाच्या बळावर विधानसभा होत नाही. समाजाने पुरवायचे ते कार्यकर्ते, शिस्त आणि विश्वास. मतं सगळ्यांकडून मागायची. आणि पहिलीच निवडणूक असेल तर ग्रामपंचायतीपासून सुरू करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. महाराष्ट्रात ती पक्षचिन्हांवर होत नाही, तिथे अपक्ष असणं ही अडचणच नाही.

मतदारयादीचं काम निवडणुकीच्या अधिसूचनेच्या निदान सहा महिने आधी सुरू करा. मतदारयादीत धर्माचा रकाना नसतो आणि तुम्हालाही त्याची गरज नाही. एका मतदान केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार असतात. दर केंद्राला चार-पाच माणसं नेमा आणि घरोघर तीनच गोष्टी तपासा : कोणाचं नाव नाही (अर्जाचा नमुना 6), कोण राहायला दुसरीकडे गेलं किंवा कोणाचं नाव चुकलंय (नमुना 8), कोण वारलं (नमुना 7). लग्न करून आलेल्या मुलींची नावं सगळ्यात जास्त निसटतात. आडनावाचं मराठी स्पेलिंगही बघा. डिसोझा, डिसोजा, डिसूझा अशी एकाच घरात तीन रूपं यादीत सापडतात, आणि मतदानाच्या सकाळी स्लिप शोधताना त्याच घरातले लोक कंटाळून परत जातात.

आता उमेदवारी अर्जाकडे या. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार) पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. एक जण दुसऱ्या मतदारसंघातला निघाला किंवा एकाने छाननीत सही नाकारली, की अर्ज गेला. चार अर्ज भरता येतात, तेव्हा चारही भरा आणि प्रत्येकावर वेगळे दहा सूचक घ्या, वेगवेगळ्या वस्त्यांतले आणि समाजांतले. अंगठा लावणाऱ्या सूचकाला तो निवडणूक अधिकाऱ्यासमोरच लावावा लागतो. नमुना 26 च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नका, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. अर्ज दिल्यावर शपथ घ्यायची असते, तीही छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. अनामत 10,000 रुपये. अनुसूचित जातीला निम्मी, पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला हा दर्जा मिळत नाही. हा आदेश मला अन्यायकारक वाटतो, तरी आज तो लागू आहे. अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर अशा उमेदवाराला उभं करू नका. अनुसूचित जमातीचं तसं नाही, धर्म बदलल्याने तो दर्जा जात नाही.

अपक्षाचा खरा शत्रू म्हणजे वेळ. चिन्ह मिळतं माघारीच्या मुदतीनंतर. तिथून मतदानापर्यंत निदान चौदा दिवस असतात, त्यातले शेवटचे 48 तास प्रचार बंद. हाती उरतात साधारण बारा दिवस. तोपर्यंत माणूस आणि मुद्दा घराघरांत पोचलेला हवा, म्हणजे बारा दिवसांत फक्त चिन्ह शिकवायचं राहतं. अर्जात पसंतीची तीन चिन्हं देता येतात. म्हातारीला लांबून ओळखता येईल अशी वस्तू निवडा. यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष असा क्रम असतो आणि एका यंत्रावर नोटासकट सोळा बटणं. उमेदवार जास्त असले तर तुमचा माणूस दुसऱ्या यंत्रावर जातो. मतदार पहिल्या यंत्रावर शोधतो, सापडत नाही, गोंधळतो. ‘दुसरं मशीन, वरून चौथं, शिट्टी’ असं एका दमात सांगता येईल इतकं पक्कं करा. त्याच नावाचा आणखी एखादा उमेदवार उभा राहिला असेल तर फोटोही दाखवा.

पैशाचं काम समाजातल्या एखाद्या बँकेतून किंवा हिशेबखात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला द्या. अर्जाच्या निदान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खातं. महाराष्ट्रात विधानसभेची खर्चमर्यादा 40 लाख. परदेशी देणगी उमेदवाराला घेताच येत नाही, त्यामुळे आखातातल्या नातेवाइकाने मित्रांकडून वर्गणी जमवून पाठवू म्हटलं तर थांबवा. कोणी हौसेने स्वतःच्या खर्चाने बॅनर लावला तरी लेखी परवानगी नसेल तर तो गुन्हा आहे, परवानगी असेल तर उमेदवाराचा खर्च. कार्यकर्त्यांचं जेवण, रिक्षा, मंडप, सगळं जिल्ह्याच्या दरपत्रकाने मोजलं जातं. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षं अपात्रता येऊ शकते, हरलेल्यालाही.

मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर तुमचा प्रतिनिधी हवा. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी चाचणी मतदान होतं, त्याला हजर राहायचं आणि संध्याकाळी नमुना 17क ची (केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाची) प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. मोजणीच्या टेबलावर तोच आकडा ताडून बघायचा असतो.

एक गोष्ट उमेदवाराशी अर्ज भरण्याआधी बोलून घ्या. अपक्ष निवडून आल्यावर कोणत्याही पक्षात प्रवेश केला तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे (पक्षांतरबंदी) त्याची आमदारकी जाते. बाहेरून पाठिंबा मात्र तो कोणालाही देऊ शकतो, आणि तो कोणाला द्यायचा यावरून पुढे समाजात सगळ्यात मोठी भांडणं होतात. कोणत्या मुद्द्यांवर देणार आणि देण्याआधी कोणाला विचारणार, हे त्याच्याकडून जाहीर सभेत वदवून घ्या.