भरतीच्या मागे लागलेली पोरं वेडी नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा डिप्लोमा झालेला, चाकणला एका कारखान्यात ठेकेदारामार्फत १८ हजारांवर होता. लॉकडाऊनमध्ये गावी आला, नंतर परत गेला आणि आता नोकरी सोडून तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद असे दिसतील ते फॉर्म भरतोय. कोरोनानंतर बेरोजगारी कमी झाली असं सरकारी आकडे सांगतात. मग ही पोरं कामाला कंटाळलीत की आकडे खोटे आहेत? आणि या सगळ्यात सरकारनं केलं काय?

मी बरीच वर्षं रोजगार हमीच्या मजुरांच्या संघटनेसोबत काम केलंय आणि हल्ली आमच्या तालुक्यातल्या एका अभ्यासिकेचं काम बघतो. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू रोज डोळ्यांसमोर असतात. तुमचा भाचा कामचुकार नाही, हे आधीच सांगतो. तो ज्या हिशेबानं चाललाय तो हिशेब त्याला २०२० सालानं शिकवला.

आधी आकड्यांचं बघू. केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात २०१७-१८ साली बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. आकडा खोटा नाही, पण तो कसा मोजतात ते समजून घ्या. आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा घ्या. पहाटे पाचला ग्राउंडला पळायला जातो, दिवसभर अभ्यास करतो. पण सोयाबीनच्या पेरणीला, डवरणीला आणि काढणीला बापाला माणूस मिळत नाही म्हणून सगळं मिळून महिनाभर शेतात राबतो. त्याला कुणी मजुरी देत नाही. वर्षातला बराच काळ तो काम शोधत असला, तरी तीस दिवस किंवा त्याहून जास्त असं दुय्यम काम केलेलं असलं, तर सर्वेक्षणात तो रोजगार असलेल्यांत धरला जातो. त्याला विचाराल तर तो म्हणेल, "मी घरीच आहे." दोघंही आपापल्या जागी खरं बोलताहेत.

हा एकटा मुलगा नाही. देशात काम करणाऱ्यांपैकी शेतीत असणाऱ्यांचं प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होतं. ते २०१९-२० मध्ये ४५.६ आणि २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झालं. अनेक दशकं हळूहळू उतरत आलेला आकडा उलटा फिरला. शहरातून परतलेला माणूस शेतात सामावला, पण शेत तेवढंच राहिलं. तीन माणसांचं काम पाच जणांनी केलं तर कागदावर रोजगार पाच जणांना मिळतो, घरात पैसा तिघांच्याच कामाचा येतो. ग्रामीण बायकांचा कामातला सहभागही याच काळात भरभर वाढला. त्यात अभिमानानं सांगावं असं पुष्कळ आहे. पण घरच्या शेतात किंवा घरच्या दुकानात बिनपगारी मदत करणाऱ्यांचा त्यातला वाटा मोठा आहे, हेही त्याच सर्वेक्षणात दिसतं.

लोकांना हे तक्ते वाचून समजत नाही, अनुभवानं समजतं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी लोकनीती-सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेनं लोकांची पाहणी केली. काम मिळणं आता अधिक अवघड झालंय, असं तेव्हा ६२ टक्के लोकांनी सांगितलं. सर्वांत मोठा प्रश्न कोणता, यालाही बेरोजगारी हेच उत्तर सर्वांत जास्त आलं. दर खाली गेलेला आणि चिंता वर गेलेली, यात मला तरी विसंगती दिसत नाही. दर मोजतो हाताला काम आहे का. लोक विचारतात की ते काम पुढच्या महिन्यात असेल का.

हा पुढच्या महिन्याचा प्रश्न २०२० मध्येच मनात रुतला. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयानं आदेश काढला, की लॉकडाऊनच्या काळातला पगार मालकांनी कपात न करता द्यावा. तो आदेश मे महिन्याच्या मध्यालाच गेला. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयानं १२ जूनला सांगितलं, की मालक आणि कामगारांनी बोलणी करून मार्ग काढावा. कायम कामगारांची, युनियन असलेल्यांची बोलणी झालीही असतील. ठेकेदाराकडचा माणूस कुणाशी बोलणार? कंपनी म्हणते तू आमचा नाहीस आणि ठेकेदार फोन उचलत नाही. आमच्याकडे परत आलेल्या कितीतरी मुलांजवळ आपण तिथे कामाला होतो हे दाखवणारा कागद म्हणजे फक्त गेटपास होता. काहींच्या पगारातून पीएफ कापला जात होता, पण खात्याचा नंबर त्यांना कुणी सांगितलेला नव्हता. मग आगाऊ रक्कम काढायची सवलत सरकारनं जाहीर करूनही त्यांना ती काढता येईना.

याच्या शेजारी शिक्षकाचं, ग्रामसेवकाचं घर बघा. राज्य सरकारचीही तिजोरी आटली होती. मार्च २०२० चा पगार दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय झाला: वरच्या दोन वर्गांना आधी निम्मा, तृतीय श्रेणीला ७५ टक्के आणि चतुर्थ श्रेणीला पूर्ण. कर्मचारी तेव्हा नाराज होते. पण गल्लीतल्या बाकीच्यांनी काय पाहिलं? सगळं जग बंद असताना या घरात पगार आला, थोडा उशिरा आला पण आला. आणि याच सुमारास, ८ मे २०२० ला, जालन्याहून पायी निघालेले पोलाद कारखान्यातले १६ मजूर करमाडजवळ रुळावर झोपले असताना मालगाडीखाली गेले. या दोन गोष्टी एकाच राज्यात एकाच वेळी पाहिलेल्या मुलाला "खासगीत पण संधी आहेत" हे वाक्य पटवायचं असेल, तर त्याला ठोस काहीतरी दाखवावं लागेल.

आता सरकारनं काय केलं? केलंच नाही असं म्हणणं अन्याय होईल. त्या वर्षी खऱ्या अर्थानं कुणी तारलं असेल तर ते रोजगार हमीनं. २०२०-२१ साठी अर्थसंकल्पात मनरेगाला, म्हणजे केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीला, ६१,५०० कोटी होते, त्यात ४० हजार कोटींची भर घातली आणि शेवटी खर्च एक लाख कोटींच्या वर गेला. देशभरात सात कोटींहून जास्त कुटुंबांनी ते काम केलं. एरवी आम्ही मस्टर (मजुरांचा हजेरीपट) निघत नाही म्हणून तहसीलवर जायचो, त्या उन्हाळ्यात शेल्फवरची, म्हणजे आधीच मंजूर होऊन पडलेली कामं भराभर सुरू झाली. पदवीधर मुलं शेततळ्याच्या खड्ड्यात टिकाव चालवत होती. महाराष्ट्रात तेव्हाचा दर दिवसाला २३८ रुपये होता. तुटपुंजाच, पण मागायचा हक्क होता. मागणी अर्ज द्या, तारखेची पोच घ्या, पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर भत्ता मागा. नोकरी गेलेल्या माणसाच्या हातात कायद्याचं एवढं तरी होतं.

ही कल्पना मुळात आपल्या मातीतली. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पैसा कुठून आला, हे आजच्या शहरी नोकरदारांना सहसा माहीत नसतं. पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो ना, तो कर याच योजनेसाठी सुरू झाला. म्हणजे शहरातल्या पगारातून गावातल्या हाताला काम द्यायचं, हा करार महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वी केला. कोरोनात मात्र रोजगार बुडाला तो शहरातला. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरांतली बेरोजगारी २० टक्क्यांच्या वर गेली होती. त्या शहरी माणसासाठी हमी नव्हतीच. राजस्थाननं सप्टेंबर २०२२ मध्ये शहरांसाठी शंभर दिवसांची योजना काढली, केरळमध्ये तर ती २०१० पासूनची आहे. ज्या राज्यानं देशाला रोजगार हमी दिली त्या राज्यानं शहरांसाठी ती आणली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बाकी योजनांबद्दल थोडक्यातच सांगतो. केंद्राचं गरीब कल्याण रोजगार अभियान ११६ जिल्ह्यांसाठी होतं, त्यात महाराष्ट्रातला एकही जिल्हा नव्हता. आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत नव्या कामगारांचा पीएफ सरकार भरत होतं. ती चांगली होती, पण ज्याचं नाव मुळात पीएफच्या यादीत घातलं जातं त्याच्यासाठी. ईएसआयसीच्या, म्हणजे पगारातून हप्ता कापून कामगारांचा विमा चालवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेलेल्याला ९० दिवसांपर्यंत निम्मी मजुरी मिळण्याची सोय केली होती. माझ्या ओळखीत ती एकानंही घेतली नाही, कारण आपला ईएसआय कापला जातो म्हणजे नेमकं काय, हे कुणी कधी समजावलंच नव्हतं.

आणि सरकारी भरती? इथे मुलांचा विश्वास सगळ्यात जास्त पणाला लागला. ४ मे २०२० च्या शासन निर्णयानं आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण सोडून नवी भरतीच थांबवली. एमपीएससीची पूर्व परीक्षा पुन:पुन्हा पुढे गेली. मार्च २०२१ मध्ये परीक्षेला तीनच दिवस उरले असताना ती पुन्हा पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली. या सगळ्यात मुलांचं वय निघून जात होतं. सरकारनं २०२३ मध्ये वयोमर्यादेत दोन वर्षांची सूट दिली ती त्यामुळेच. बांध फुटावा तसे मग अर्ज आले. तलाठ्याच्या ४,६४४ जागांना दहा लाखांवर आणि २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजारांच्या आसपास जागांना १७ लाखांवर. तलाठी भरतीची फी खुल्या वर्गाला एक हजार रुपये होती. ती भरायला मुलं मेसचा महिना बुडवत होती, हे मी बघितलंय.

त्याच २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कंत्राटी भरतीसाठी नऊ कंपन्या नेमणारा जीआर आला. मुलांचा संताप मला पूर्ण समजतो. ठेकेदाराला कंटाळून ज्या दारात रांग लावली, त्या दारातही ठेकेदारच उभा. ऑक्टोबरमध्ये सरकारला तो जीआर रद्द करावा लागला. २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, शिक्षणाप्रमाणे सहा, आठ आणि दहा हजार रुपये विद्यावेतन, सहा महिने. मुदत संपत आली तशी मुलं कायम करा म्हणून आंदोलनाला बसली आणि सरकारनं आणखी पाच महिने वाढवून दिले. प्रशिक्षण म्हणून दिलेल्या कामाकडे मुलं नोकरी म्हणून बघतात, कारण त्यांना हवी आहे ती नोकरीच.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचारी संपावर गेले, तेव्हा खासगीतले लोक त्यांच्यावर फार चिडले होते. मला तो राग चुकीच्या दिशेला गेलेला वाटतो. शेजाऱ्याची पेन्शन काढून घेतल्यानं चाकणच्या मुलाच्या हातात काही पडत नाही. त्याच्या हातात नेमणुकीचं पत्र, पीएफ नंबर, काम सुटलं तर तीन महिने तग धरता येईल अशी रक्कम पडली, तर निम्मी अभ्यासिका रिकामी होईल असं मी अनुभवानं सांगतो. भरतीचं वेळापत्रक ठरलेलं असेल आणि पाळलं जाईल, तर उरलेल्यांचीही उमेदीची वर्षं वाचतील.

तुमच्या भाच्याबद्दल आता. त्याला आळशी म्हणू नका, घरात बाकीचे म्हणत असतील तर त्यांनाही थांबवा. पण त्याच्याशी आकड्यांत बोला. तलाठ्याच्या एका जागेमागे सव्वादोनशे अर्ज होते. दोन पूर्ण भरत्या द्याव्यात, त्यात कट ऑफच्या किती जवळ पोहोचला ते मार्कांवर ठरवावं आणि पुढचा निर्णय घ्यावा. डिप्लोमा आहे तर फक्त तलाठी-पोलीस कशाला, महावितरण, जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम यांच्या तांत्रिक जागा बघाव्यात, तिथे पदविकेची अट असल्यानं गर्दी तुलनेनं कमी असते. चाकणच्या नोकरीचा पीएफ नंबर आणि ईएसआय क्रमांक त्याच्याकडे आहे का, हे या आठवड्यातच विचारा. नसेल तर जुन्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचा उतारा घेऊन पीएफ कार्यालयात जायला सांगा. पुन्हा खासगीत जायची वेळ आलीच तर नेमणुकीचं पत्र हातात आल्याशिवाय गेटच्या आत जायचं नाही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. त्याची शाखा कोणती आणि वय किती ते इथे कळवा, म्हणजे येत्या जाहिरातींपैकी कोणत्या त्याच्या उपयोगाच्या आहेत ते मी बघून सांगतो.