कासवाची अंडी उकरून हॅचरीत नेणं म्हणजे निसर्गात ढवळाढवळ नाही का?

कोकणातल्या वेळासला समुद्री कासवाची पिल्लं पाहून आल्यावर तुम्हाला पडलेला प्रश्न रास्त आहे. मादी स्वतः जागा निवडून अंडी घालते, मग माणसाने ती काढून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखणीच्या कुंपणात पुरायची कशाला? दापोलीकडच्या एका किनाऱ्यावर तीन हंगाम कासवमित्रांबरोबर, म्हणजे घरटी शोधून राखणाऱ्या गावकऱ्यांबरोबर, पहाटे फिरलोय, तेवढ्यावरून सांगतो.

ओडिशात ऑलिव्ह रिडले जातीची ही कासवं हजारो-लाखोंनी एकदम अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. कुत्री-कोल्हे खाऊन खाऊन किती खातील? आपल्याकडे येते ती एखादीच, कुठल्या रात्री येईल नेम नाही. त्या एकट्या घरट्याचा वास कुत्र्याला लागला की शंभर-सव्वाशे अंडी सकाळपर्यंत फस्त. शिवाय माणूसही काही मागे नव्हता. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला काम सुरू केलं, तेव्हा अंडी उकरून नेणं कोकणात सर्रास चालायचं. घरटं जागेवर सुरक्षित राहणार असेल तर तिथेच ठेवणं उत्तम, यात वाद नाही. पण रात्रभर प्रत्येक घरट्याशी राखण कोण करणार?

आता काढण्याचं काम. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसतो. तो जिथून परत वळतो, तिथे मादीने अंगाने वाळू थोपटून सपाट केलेली असते. त्या जागेत काठी हलकेच टोचत जायचं. घट्ट वाळूत ती अडते, घरट्यावर भसकन आत जाते. पहिल्याच खेपेला मी जोर लावला आणि काठी वर आली ती टोकाला बलक घेऊन. बरोबरचे काका एक अक्षर बोलले नाहीत, फक्त काठी काढून घेतली. पुढे महिनाभर माझ्याकडे बादली धरायचं काम होतं!

घाई करावी लागते ती वेगळ्याच कारणाने. अंडी घातल्यावर काही तासांनी आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं की गर्भ मरतो. म्हणून भल्या पहाटे, न फिरवता उचलायची आणि हॅचरीत तितक्याच खोल, माठासारख्या पोटाच्या खड्ड्यात ठेवायची. वाळूची ऊबही सांभाळावी लागते, कारण नर की मादी हे तिच्यावरच ठरतं. गरम वाळूत माद्या जास्त. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं वर येतात.

मला खरं खटकतं ते वेगळंच. पिल्लं एरवी बहुतेक रात्रीच बाहेर पडतात. पर्यटकांच्या वेळेसाठी त्यांना टोपलीखाली ताटकळत ठेवलं तर पोहायला लागणारी ताकद तिथेच खर्च होते. पण हेच पर्यटक गावात घरगुती राहतात, जेवतात, त्याचे चार पैसे घरोघरी जातात, आणि ज्या घरात पूर्वी अंडी शिजायची तिथला पोरगा आज राखणीला येतो. त्यामुळे पर्यटकांसमोर पिल्लं सोडण्याचा सोहळा बंद करा असं म्हणवत नाही. फक्त पिल्लू वर आलं की जवळच्या वेळेला सोडावं, जास्त माणसं जमायची वाट बघू नये.

पुन्हा जाल तेव्हा दोरीच्या बाहेर उभे राहा, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. आणि लाटेने पिल्लू दोनदा मागे फेकलं तरी उचलून पाण्यात टाकायला धावू नका, ते जातं.