बियरमध्ये पाणी घालतात का?

प्रश्न : काका, आमच्याकडे तारकर्लीच्या वाटेवर एक पब आहे. शनिवारी तिथे लाईव्ह बँड असतो, तेव्हा टॅपची बियर झकास लागते. तीच मंगळवारी-बुधवारी आंबूस लागते, कधी लोण्यासारखा वास मारते आणि फेसही टिकत नाही. मित्र म्हणतो, ‘पाणी घालतत रे!’ खरं का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : मित्राने पाण्याचा आळ उगाच घेतलाय. केग, म्हणजे बियरचं धातूचं पिंप, दाबाखाली बंद असतो, त्यात पाणी ओतणं म्हणजे खटाटोप. ग्लासात घातलंच, तर बियर पाणचट लागेल, आंबट कशी लागेल? मी काउंटरमागे उभं राहून केस पांढरे केलेत. आंबूसपणा आणि लोण्याचा वास एकत्र आले की माझा पहिला संशय नळीवर.

केगपासून टॅपपर्यंतच्या नळीत बियर साचून राहते. शनिवारी केगमागून केग रिकामे होतात, तिला थांबायला वेळच नसतो. मधल्या वारी गिऱ्हाईक तुरळक. त्यात आपल्याकडचा उकाडा आणि वीज गेली की कूलर बंद. मग नळीत आणि टॅपच्या तोंडाशी जिवाणू माजतात. साधारण दर दोन आठवड्यांनी नळी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुवायची असते. खर्च फार नाही, पण धुताना नळीतली बियर फेकावी लागते आणि मालकाचा जीव तिथेच अडकतो.

फेसाचं दुखणं वेगळं. ज्या मोरीत सुरमईच्या ताटल्या, त्याच मोरीत, त्याच स्पंजने ग्लास! तेलाचा नुसता हात लागला तरी फेस बसतो. ग्लास उजेडात धरा. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील, तर तिथे मळ आहे. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटामागे फेसाचं एक कडं काचेवर उरतं. आमच्याकडे नव्या पोराची परीक्षा मिठाने व्हायची: ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरायचं. जिथे मीठ धरत नाही, तिथे तेल. ग्लास परत मोरीत.

आता शनिवारचं. फ्रान्समधल्या बारमध्ये केलेला, 2008 साली छापून आलेला एक अभ्यास आहे. संगीताचा आवाज 72 वरून 88 डेसिबलवर नेला, तर माणसं जास्त प्यायली आणि ग्लासही लवकर संपवले. ड्रम दणाणत असताना चवीकडे लक्ष कुणाचं? त्यात ग्लास फ्रीझरमधला, पांढरा पडलेला, जीभ बधिर. तेव्हा शनिवारची बियर झकास, हे तुमचं मत मी अर्धंच धरतो. पबची बियर जोखायची तर बँड नसलेल्या दिवशी, साध्या ग्लासात.

बुधवारी गेलात की दोनच गोष्टी विचारा: केग कधी लावला आणि नळी कधी धुतली? चांगला बारवाला तारीख सांगतो, नळीतली रात्रभर राहिलेली बियर आधी सांडतो आणि मग तुमचा ग्लास भरतो. तो हसण्यावारी नेत असेल तर सरळ बाटली मागवा. तीही फ्रीजमधली आणि तपकिरी काचेची. दारातल्या उन्हात क्रेटमध्ये ठेवलेली हिरवी बाटली घेऊ नका. उजेड लागून तिला घाण वास येतो आणि मित्र पुन्हा पाण्याला दोष देईल.