चिठ्ठीवर नुसतं 'जास्त बसू नये' लिहून आणू नका

तुमची पोस्ट वाचली आणि आधी हेच सांगावंसं वाटलं की डॉक्टरांची चिठ्ठी अजून ऑफिसात दिली नसेल तर दोन दिवस थांबा. तुम्ही लिहिलंय, अकाउंट्सचं काम, नऊ-नऊ तास बसून, संध्याकाळी कंबर धरते, उजव्या पायाला मुंग्या आणि अ‍ॅडमिनवाले म्हणतायत सर्टिफिकेट आणा मग स्टँडिंग डेस्कचं (उभं राहून काम करायच्या टेबलाचं) बघू. डिट्टो माझी केस. मी डॉक्टर नाही, फिजिओ नाही, दिवसभर बिलं तपासणारी बाई आहे, तेव्हा मुंग्यांचं ऑर्थोला दाखवाच, आणि पायातला जोर गेल्यासारखा वाटला किंवा लघवीवरचा ताबा सुटतोय असं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. व्यायाम कुठले करायचे ते फिजिओ सांगेल, त्यात मी पडत नाही.

तर चिठ्ठी. आमच्या तेव्हाच्या ऑफिसात (नाव घेत नाही, ओळखीचे लोक वाचत असतात) मी दिलेल्या चिठ्ठीवर 'प्रोलाँग्ड सिटिंग टाळावे' एवढंच होतं. आधी ती परत आली, कारण डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर शिक्क्यात नीट उमटला नव्हता. मग कळलं की एचआरचा फॉर्म वेगळा असतो. मग तो फॉर्म हेड ऑफिसला, तिथे जो कोण सही करतो त्याने आमचा मजला जन्मात पाहिलेला नाही, सगळा उंटावरून शेळ्या हाकायचा कारभार. आणि एके दिवशी सकाळी बघते तर माझ्या जागी पॅन्ट्रीत असतं तसलं उंच टेबल, वर-खाली काही होत नाही, आणि खुर्ची गायब! विचारायला गेले तर अ‍ॅसेट रजिस्टर (ऑफिसच्या सामानाची नोंदवही) उघडून दाखवलं, एका माणसाला एकच सेट, जुना जमा नवा इश्यू, आणि वर ऐकवलं, "मॅडम, तुम्हालाच बसायचं नव्हतं ना?" खुर्ची परत मिळवायला टेबल मिळवण्यापेक्षा जास्त वेळ गेला, कारण चिठ्ठीप्रमाणे माझी मागणी पूर्ण झालेली होती, फाईल बंद. तोवर टाचा अशा भरून यायच्या की रात्री पाऊल टेकवत नव्हतं. आगीतून फुफाट्यात.

म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा, असं लिहून द्या: 'आलटून पालटून बसून व उभे राहून काम करता यावे, त्यासाठी उंची बदलणारे टेबल, खुर्चीसह.' खुर्चीसह हा शब्द हवाच. डॉक्टर हसतील, हसू देत. आणि सगळं मेलवर, तोंडी काही नाही.

आता दुसरं, आणि इथे काही जणांना पटणार नाही. उभं राहणं हे औषध नाही. लोक लंडनच्या बसवाल्यांचा दाखला देतात, 1953 साली जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने दाखवलं की बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी. पण अहो, ते कंडक्टर नुसते उभे नव्हते, डबलडेकरचे जिने दिवसभर चढत-उतरत होते! उलट कॅनडात ऑन्टारिओच्या सात हजारांवर कामगारांचा बारा वर्षं मागोवा घेतला, 2018 मध्ये छापून आलं, तर ज्यांचं काम मुख्यतः उभ्याचं त्यांना हृदयविकाराचा धोका बसून काम करणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही हे मान्य, पण दिवसभर उभं राहण्याचे हाल कापड दुकानातल्या बायकांना विचारा. केरळात 2018 ला कायदा बदलून दुकानात बसायची सोय द्यायला लावली, तमिळनाडूने 2021 ला, ते काही उगाच नाही. वजन उतरेल म्हणून घेत असाल तर तेही विसरा, उभं राहिल्याने मिनिटाला साधारण 0.15 कॅलरी जास्त जळतात, सहा तासांत एक पोळीसुद्धा जिरत नाही.

खरा फायदा हालण्याचा. 2016 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांवर लोकांचा एकत्रित आढावा आला होता, त्यात रोज तास-सव्वा तास बऱ्यापैकी चालणं-फिरणं असलेल्यांमध्ये आठ तास बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका जवळपास दिसला नाही. तेवढं रोज कुणाला जमतंय म्हणा, मलाही नाही जमत. पण अर्ध्या तासाने उठून पाण्याची बाटली भरून येणं जमतं, म्हणून बाटली मुद्दाम लहान ठेवायची. आणि सकाळी लोकलला उभ्याने लोंबकळत येत असाल तर पहिला तास गपगुमान बसून काढा.

डेस्क स्वतःच्या पैशाने घेणार असाल तर मोटर, मेमरी बटणं, वायरलेस चार्जिंग हे सगळं नंतर, आधी सगळ्यात खालची उंची किती ते विचारा. जाहिरातीत वरची उंची मोठ्या अक्षरात असते. माझी उंची पाच फूट एक, बसल्यावर कोपर जमिनीपासून बासष्ट सेंटिमीटरच्या आसपास येतं, आणि बरीच स्वस्त डेस्क बहात्तरच्या खाली उतरत नाहीत. म्हणजे बसून काम करताना खांदे उचललेले, मग मान गेली. मग खुर्ची वर घ्या आणि पायाखाली फूटरेस्ट घ्या, तो खर्च वेगळाच. बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा कोपर काटकोनात ठेवून घरच्यांकडून टेपने माप घ्या. उभ्याचं माप ऑफिसात जी चप्पल-बूट घालता ती घालूनच. लॅपटॉप असेल तर वेगळा कीबोर्ड आणि खाली स्टँड, नाहीतर मान वाकलेलीच राहते, टेबल पन्नास हजारांचं असलं तरी. मऊ मॅट पण घ्या, फरशीवर अनवाणी उभं राहू नका, टाचेचं दुखणं लवकर जात नाही.

तुम्ही पंचवीस हजारांपर्यंतचं बजेट लिहिलंय पण उंची लिहिलेली नाही. दोन्ही मापं आणि बघून ठेवलेलं मॉडेल टाका इथे, म्हणजे ते तुम्हाला खाली पुरेल का ते सांगते.